ध्यानातून उठल्यावर

तीन वर्षांपूर्वी रक्तदाबाची गोळी लिहून देताना डॉक्टरांनी त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ लिहिली : रोज सकाळी वीस मिनिटे ध्यान. आम्ही हसलो. म्हणालो, "डॉक्टरसाहेब, पाच वेळची नमाज आहे की! आणखी वेगळे ध्यान कशाला?" डॉक्टरही हसले. त्यांनी विचारले, "नमाजात उभे असता तेव्हा मन कुठे असते?"

या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हाला त्यांच्यासमोर देववले नाही. नमाजात उभे असताना आमचे मन पेन्शनच्या कागदांत असते, मुलाच्या नोकरीत असते, काल कोण काय बोलले त्यात असते. कपाळ तेवढे जमिनीला टेकलेले असते. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला मानायचे ठरवले. फजरची नमाज झाली की आम्ही खोलीच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसू लागलो. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुडीशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर. मन भटकले की रागावायचे नाही, त्याला हाताला धरून परत आणायचे. बाहेरचा आवाज आला तर आवाज आला एवढी नोंद घ्यायची आणि सोडून द्यायचा. शिकवणाऱ्यांनी एवढेच सांगितले होते.

पहिले पंधरा दिवस गुडघे दुखले आणि झोप आली. नंतर मात्र फरक पडत गेला. रात्री दोनला उघडणारे डोळे पहाटेपर्यंत मिटलेले राहू लागले. भाजीवाल्याशी होणारी हुज्जत थांबली. तीन महिन्यांनी रक्तदाब मोजला तेव्हा डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, पण समाधानाने मान हलवली. घरातली माणसे म्हणू लागली की आता यांच्याशी बोलताना भीती वाटत नाही. आम्हालाही आपण बदललो याचा थोडा अभिमान वाटू लागला. त्या अभिमानाविषयी पुढे बोलायचे आहे.

आधी या लाभांविषयी. ध्यानाने शरीराला फायदा होतो ही केवळ श्रद्धेची गोष्ट राहिलेली नाही. संकट दिसले की आपल्या शरीरात पळण्याची किंवा लढण्याची तयारी होते. हृदय जोराने धडधडते, श्वास उथळ होतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. वाघ समोर असेल तर ही तयारी उपयोगाची. पण आजच्या माणसाचा वाघ म्हणजे बँकेचा हप्ता आणि साहेबाचा फोन. तो कधी जातच नाही, त्यामुळे शरीर दिवसरात्र लढाईच्या पवित्र्यात राहते. शांत बसून श्वास संथ केला की याच्या उलट क्रिया सुरू होते. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी या क्रियेवर १९७५ साली पुस्तक लिहिले आणि ती कोणत्याही धर्माच्या प्रार्थनेतून साधता येते असे सांगितले. १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या रुग्णांना ध्यान शिकवायला सुरुवात केली. तिथून ही गोष्ट जगभरच्या रुग्णालयांत पोहोचली.

आम्हाला विशेष वाटला तो २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला एक छोटा अभ्यास. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा बौद्धांचा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाब सावरणारी शरीरातली यंत्रणा अधिक चांगली चालू लागली. शब्द वेगळे, देव वेगळे, श्वास एकच. हे वाचले तेव्हा दादीच्या हातातली तसबीह आमच्या डोळ्यांपुढे आली. तिने कधी रक्तदाब मोजला नव्हता.

पण विज्ञान जेवढे सांगते तेवढेच घ्यावे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ३,५१५ माणसे होती. चिंता, उदासी आणि वेदना यांत ध्यानाने थोड्या ते मध्यम प्रमाणात आराम पडतो असे त्यांना आढळले. व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ते सरस ठरते असा पुरावा मात्र मिळाला नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ साली हेच धोरण ठेवले : नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही, उपचारांच्या जागी नको. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ध्यान सुरू केले म्हणून मधुमेहाची गोळी बंद केली आणि पायाचे बोट गमावले. दोष ध्यानाचा नव्हे, पण ध्यानाच्या जाहिरातीचा थोडा असावा.

आता कोणी म्हणेल, हे सारे आपल्या परंपरेतले नाही. असे म्हणणाऱ्यांना आपली परंपरा माहीत नसते. सूफी ज्याला मुराकबा म्हणतात त्या शब्दाच्या मुळाशीच राखण करणे, लक्ष ठेवणे हा अर्थ आहे. रात्री पहारेकरी जसा वाड्यावर नजर ठेवतो तशी आपल्या मनावर ठेवायची. श्वासाच्या राखणीला त्यांनी पास-ए-अनफास म्हटले. दारा शुकोहने १६५५ मध्ये लिहिलेल्या 'मजमउल बहरैन' या ग्रंथात, भारतीय साधक अजपा जपाला सर्वश्रेष्ठ मानतात याची आदराने नोंद घेतली. आपल्या मराठी मुलखात तर सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला. नावातच योग आहे आणि संग्रामही. माणसाने आपल्या विकारांशी करायच्या युद्धाचे ते रूपक आहे. सतरंजीवर बसून मिळणाऱ्या निवांतपणाला हा मुसलमान मराठी संत संग्राम म्हणतो, हे विसरू नये.

आमचे बालपण तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात गेले. दादी आम्हाला पाणचक्कीवर घेऊन जायची. औरंगजेबाच्या काळात बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर तिथे विसावले आहेत. नक्शबंदी मंडळींचा जिक्र मुका असतो, ओठ न हलवता मनातल्या मनात करायचा. त्यांच्या जुन्या नियमांत श्वासावर सावध राहणे हा एक नियम आहे आणि गर्दीत राहून एकांत राखणे हा दुसरा. आम्हाला लहानपणी यातले काही कळत नव्हते. आम्ही पाण्याच्या धारेने फिरणारे जाते बघत उभे राहायचो. दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळातून तिथे आणलेले, उंचीवरून सोडलेले, आणि त्यावर फिरणारे जाते तकियातल्या फकिरांसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंसाठी पीठ दळायचे. दादी म्हणायची, "अंदर अल्लाह का नाम, बाहर आटा." एका आवारात मुका जिक्र आणि घरघरणारे जाते. त्या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी का आहेत, हे कळायला आम्हाला साठी ओलांडावी लागली.

कसे कळले ते सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण हे सांगितल्याशिवाय बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

मागच्या वर्षीची पावसाळ्यातली सकाळ. घरातली मंडळी माहेरी गेलेली, आम्ही एकटेच. नमाज आटोपून ध्यानाला बसलो होतो. सात-आठ मिनिटे झाली असतील, श्वास छान लागला होता. दारावर थाप पडली. थोड्या वेळाने पुन्हा पडली. आम्ही ती ऐकली. न ऐकल्याचे सोंग आज आणणार नाही. आवाज आला एवढी नोंद घेतली आणि शिकवल्याप्रमाणे सोडून दिला. मनात एक बारीक समाधानही उमटले की बघा, आता थापेनेसुद्धा आपण हलत नाही. तिसरी थाप पडली नाही. बारा मिनिटांनी घड्याळाचा गजर झाला, डोळे उघडले, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि सावकाश दार उघडले.

जिन्यात ओल्या पावलांचे ठसे होते. खालून बोलण्याचा गलका येत होता. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर न्हाणीघरात कोसळले होते. अर्धांगाचा झटका. काकू आमच्या दारावर दोनदा थाप मारून तशाच खाली धावल्या होत्या. दूधवाला आणि वॉचमन यांनी मास्तरांना रिक्षात घातले. आम्ही खाली पोहोचलो तेव्हा रिक्षा कोपऱ्यावर वळत होती.

मास्तर वाचले. उजवा हात अजून नीट चालत नाही. आयुष्यभर फळ्यावर सुंदर अक्षर काढणारा हात तो. आम्ही त्या बारा मिनिटांत काही करू शकलो असतो तर तो हात वाचला असता, असे कोणी म्हटले नाही. आम्हीही म्हणू शकत नाही. पण आठवडाभराने रुग्णालयात भेटायला गेलो तेव्हा काकू जे बोलल्या ते कानातून जात नाही. त्या म्हणाल्या, "पहाटेची वेळ. म्हटलं, तुम्ही नमाज पढत असाल. म्हणून पुन्हा वाजवलं नाही हो."

त्या बाईने आमच्या नमाजाचा मान राखला होता आणि आम्ही नमाजात नव्हतोच. असतो तरी काय? कोणाच्या जिवावर बेतले असेल तर नमाज मोडून धावून जावे, असे आपले फकीह सांगत आले आहेत. तेव्हा नमाज मोडणे गुन्हा नाही, न मोडणे गुन्हा आहे. ईश्वरासमोर उभ्या असलेल्या माणसाला जी सवलत नाही ती आम्ही आपल्या रक्तदाबाला दिली होती.

इथे प्रश्न उभा राहतो. ज्या शांतीच्या पोटी माणूस दारावरची थाप सोडून देतो, ती शांती म्हणायची की बधिरपणा? दोन्हींत श्वास संथ असतो. दोन्हींत रक्तदाब उतरतो. यंत्राला फरक कळणार नाही.

ध्यानाचे जाणकार लगेच म्हणतील, तुम्ही ध्यान चुकीचे केलेत. खरे ध्यान संवेदना वाढवते, कमी करत नाही. हे आम्हाला मान्य आहे. आपल्या इगतपुरीला १९७६ साली ज्यांनी विपश्यनेचे केंद्र उभे केले त्या सत्यनारायण गोएंका यांची एक गोष्ट यासंदर्भात महत्त्वाची आहे. ब्रह्मदेशातल्या या तरुण व्यापाऱ्याला अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. तो त्रास जावा म्हणून १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू सरकारी नोकरीत महालेखापाल होते. त्यांनी आधी चक्क नकार दिला. डोकेदुखीवरचा इलाज म्हणून ही विद्या द्यायची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मन निर्मळ करायचे असेल तर या, मग दुखणे गेले तर जाईल. हिशेबाच्या माणसाने नफा कशाला म्हणायचे आणि वरकड कशाला, हे नेमके ओळखले होते. आज आम्ही सगळे वरकडाच्याच मागे धावत ध्यानाला बसतो.

आणि एकटे आम्हीच नाही. आठ तासांचे काम बारा तास करून घेणाऱ्या कचेऱ्या आठवड्याला एक तास ध्यानाचा वर्ग ठेवतात. कामाचे तास कमी करण्यापेक्षा माणसाला ते सोसायला शिकवणे स्वस्त पडते. घरात सासूचे, नवऱ्याचे बोल खाणाऱ्या बाईला शेजारीण सांगते, ध्यान कर, मन शांत ठेव. ज्या वस्तीत पाणी आठवड्यातून एकदा येते तिथल्या माणसाचा संताप हा त्याचा आजार आहे की त्याच्या जिवंतपणाची खूण? प्रत्येक अस्वस्थता औषध देऊन घालवण्याजोगी नसते. काही अस्वस्थता म्हणजे दारावरची थाप असते.

याला दुसरी बाजू आहे, तीही नाकारता येणार नाही. आजारी आईची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या मुलीला वीस मिनिटांची शांती कोणी स्वार्थ म्हणू नये. दंगलीत घर जळालेल्या माणसाला रात्री झोप लागावी, हा त्याचा हक्क आहे. चिडलेला, थकलेला, न झोपलेला माणूस दुसऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही. आमचेच पाहा, पूर्वी आम्ही दार उघडत होतो खरे, पण उघडून आधी खेकसत होतो. म्हणून ध्यान सोडा असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न एवढाच की त्याचा फायदा मोजायचा कुठे? दंडाला पट्टा बांधून, की उठल्यानंतरच्या वागण्यात?

आमच्या परंपरेत याचे उत्तर अगदी सुरुवातीलाच आहे. इ. स. ६१० च्या सुमारास पैगंबर मुहंमद (स.) मक्केजवळच्या हिरा गुहेत एकांतात बसत. शिदोरी बरोबर नेत, रात्री तिथे काढत, शिदोरी संपली की घरी येत. या एकांतातून शेवटी त्यांना काय मिळाले? स्वास्थ्य मिळाले नाही. ते थरथरत घरी आले आणि अंगावर पांघरूण घाला म्हणाले. ज्या गुहेने जगाला कुराण दिले तिच्यातून पहिल्या दिवशी बाहेर आला तो भेदरलेला माणूस. त्यांना धीर देताना हजरत खदीजा (र.) काय म्हणाल्या, तेही पाहावे. तुम्ही इतक्या रात्री एकांतात काढल्या म्हणून अल्लाह तुम्हाला अंतर देणार नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत. तुम्ही नातेवाइकांना धरून राहता, दुबळ्यांचे ओझे उचलता, गरिबाला मदत करता, पाहुण्याचे आदरातिथ्य करता म्हणून तो अंतर देणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गुहेतल्या साधनेचा दाखला पत्नीने घरातल्या आणि गल्लीतल्या वागण्यातून दिला. त्यानंतर पैगंबर गुहेतच बसून राहिले नाहीत, ते माणसांत गेले. पुढे नमाज पढवताना लहान मूल रडल्याचा आवाज आला तर ते नमाज आटोपती घेत, कारण मागे उभ्या असलेल्या त्या मुलाच्या आईचा जीव कासावीस होत असेल. बाहेरचा आवाज ऐकू येणे हा त्यांच्या एकाग्रतेचा भंग नव्हता, तो तिचाच भाग होता.

हदीसमध्ये जुरैज नावाच्या एका तपस्व्याची गोष्ट येते. तो आपल्या कुटीत प्रार्थनेत होता. आईने बाहेरून हाक मारली. आई की प्रार्थना, असा विचार करून तो प्रार्थनेतच राहिला. दुखावलेल्या आईच्या तोंडून शाप निघून गेला आणि त्या तपस्व्यावर पुढे बालंट आले, लोकांनी त्याची कुटी पाडली. शेवटी तो निर्दोष ठरला, तरी आईची हाक परतवल्याची किंमत त्याला मोजावी लागली. ही गोष्ट दादी सांगायची, आणि त्याच दमात आषाढीला पंढरीच्या पुंडलिकाचीही सांगायची. आईबापाचे पाय चेपत असलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि थांब म्हणाला. जुरैजने आईला थांबवले, पुंडलिकाने देवाला. थांबवलेला देव रागावला नाही. तो अजून विटेवर उभा आहे.

दादी निरक्षर होती. तिला मुराकबा हा शब्द ठाऊक नसावा. असरनंतर ती ओसरीवर तसबीह घेऊन बसायची. मणी सरकत राहायचे, ओठ हलायचे. दारात कोणी आले, भाकरी मागणारा, मीठ मागणारी शेजारीण, पडून गुडघा फोडून घेतलेला आमच्यापैकी कोणी, की ती उठायची. पण ज्या मण्यावर असेल तो मणी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तसाच धरून ठेवायची. एका हाताने पीठ घालायची, मीठ द्यायची, हळद लावायची. परत येऊन त्याच मण्यापासून पुढे सुरू करायची. आम्ही विचारायचो, "दादी, बीच में उठे तो गिनती नहीं टूटती?" ती म्हणायची, "वो भी गिनती में है, बेटा."

नमाज पढूनही लोकांना वापरायच्या लहानसहान वस्तू नाकारणाऱ्यांना कुराणातल्या एका छोट्या सूरहमध्ये कठोर इशारा दिलेला आहे. 'माऊन' हे त्या सूरहचे नाव. चिमूटभर मीठ, वाटीभर पीठ, दारावरच्या थापेला उत्तर, हे सारे माऊनच. आम्ही ती सूरह लहानपणापासून नमाजात पढत आलो. अर्थ मात्र मास्तरांच्या जिन्यात कळला.

त्या दिवाळीत मास्तरांच्या घरून नेहमीप्रमाणे फराळाचे ताट आले. तो चिवडा आमच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळी रिकामे ताट परत द्यायला आम्ही स्वतः गेलो. मास्तर डाव्या हाताने पाटीवर अक्षरे गिरवत बसले होते. आम्ही काकूंना म्हणालो, "काकू, त्या दिवशी मी नमाजात नव्हतो. तुमची थाप मला ऐकू आली होती." काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मास्तरांनी पाटीवरून मान वर केली नाही. मग काकू उठल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकते. बसा."

क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारले नाही. विचारणे म्हणजे पुन्हा आपल्याच मनाची शांती मागणे झाले असते.

आम्ही अजून रोज सकाळी वीस मिनिटे बसतो. गोळीही घेतो. फक्त दाराची कडी काढून ठेवतो. आठवड्यातून तीन दिवस मास्तरांना फिजिओथेरपीला न्यायचे असते, त्या दिवशी आमचे ध्यान दहाव्या मिनिटालाच संपते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, किंचित वाढलेला होता. त्यांनी विचारले, "ध्यान नीट चालू आहे ना?"

आम्ही म्हणालो, "पूर्वीपेक्षा बरे चालले आहे."